काटा नेमका कुणाकडं बघतोय

उमरग्यात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी मी विमान चालवायला शिकू लागले, तेव्हा प्रत्येकानं कारण विचारलं. कारण साधं होतं. मुलगी शिकायला बाहेर गेली, लॅबमध्ये दोन चांगले तंत्रज्ञ मिळाले आणि धाराशिवजवळच्या धावपट्टीवर शिकवतात असं कळलं. आठवड्यातून तीन सकाळी मी गाडी काढून तिकडं जायची.

शिक्षक नागपूरकडचे, माझ्यापेक्षा बरेच लहान. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना सर. मला एकटीनं सोलापूरला जाऊन यायची परवानगी हवी होती आणि त्यासाठी चाचणी घेऊन त्यांनी केलेली सही लागणार होती. हवा खराब म्हणून ती चाचणी दोनदा पुढं ढकलली गेली. पुढच्या आठवड्यात सर एका विमान कंपनीत रुजू होणार होते. नंतर येणारे नवे शिक्षक मला पहिल्यापासून तपासणार, म्हणजे आणखी किती महिने जाणार कुणास ठाऊक. नवऱ्याचं यावर एकच म्हणणं, "सोलापूरला एसटी जाती की. कुणाची सही बी लागत न्हाय."

चाचणी होती रेडिओवर वाट काढायची. जमिनीवरची केंद्रं रेडिओलहरी सोडतात आणि विमानातला काटा त्या केंद्राकडं वळतो. बाहेरचं काही दिसेनासं झालं की भिस्त त्या काट्यावर. पण काटा कुठल्याही केंद्राकडं वळतो, म्हणून नियम असा, की आधी केंद्र लावायचं, मग कानात टुक-टुक आवाजात येणारी त्याच्या नावाची मोर्सची अक्षरं ऐकायची, आणि ती यादीशी जुळली तरच काट्याचं ऐकायचं. हे मला लगेच पटलं. लॅबमध्येसुद्धा सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी आम्ही उत्तर माहीत असलेला नमुना मशीनमधून काढतो. मशीननं आकडा दाखवला म्हणजे तो खरा असतोच असं नाही.

त्या सकाळी वर गेल्यावर सरांनी मला लांब झापडीची टोपी घालायला लावली. समोरची उपकरणं तेवढी दिसत होती. मग मला इतकं डावी-उजवीकडं वळवलं, की खाली येरमाळा आहे की तेरखेडा, काही पत्ता राहिला नाही. जीपीएसचा पडदा त्यांनी झाकला. माझ्या यादीतली केंद्रं एकेक करून 'हे बंद आहे असं समजा' म्हणत खोडली. आता सोलापूर कुठं आहे ते दाखवा, म्हणाले.

काटा साध्या मीडियम वेव्ह रेडिओ केंद्राकडंही वळतो, हे त्यांनीच कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. सोलापूरचं केंद्र आमच्याकडं घरोघरी लागतं. त्याचा आकडा मात्र यादीत नव्हता आणि मला पाठही नव्हता, कारण घरी आम्ही कान लावून बटण फिरवतो. इथंही तसंच फिरवलं. खरखर, आणखी खरखर, आणि एकदम बायकांचं भजन. काटा गर्रकन फिरून स्थिर झाला.

भजन कानडीत होतं.

"कानडी म्हणजे कलबुर्गीच," सर म्हणाले. "सोडा ते, दुसरं पाहा."

मी म्हटलं, तसं सांगता येत नाही. सोलापूरला कानडी भजनं लागतात आणि तिकडं मराठी अभंग. आमच्या भागात भाषेवरून गाव ओळखायला गेलेला माणूस हमखास फसतो.

"मग सोलापूर समजून वळा."

"तेही नाही. त्यांना नाव सांगू द्या."

"बाप्पा, म्हणजे भजन संपेपर्यंत थांबता काय तुम्ही?"

थांबणारच होते. उंची धरून मी सावकाश घिरट्या सुरू केल्या. भजन संपेना. आता शेवट आला असं वाटलं की पेटीवाला पुन्हा सूर धरायचा. सरांनी इंधनाकडं बोट दाखवलं. मी ते आधीच बघितलं होतं, परत जाऊन उरेल एवढं होतं. ते म्हणाले, नोकरीवर जायच्या आधीच ते इथं म्हातारे होणार. मी हसले. पण त्यांनी चिडून उतरायला सांगितलं तर सही राहिली. वळून टाकावं, असं एकदा मनात आलंही. पण अंदाजानं मी आजवर कुणाचा रिपोर्ट दिलेला नाही.

शेवटी टाळ थांबले. निवेदिका मराठीत बोलली. तिनं आधी भजनी मंडळाचं नाव घेतलं आणि मग केंद्राचं. सोलापूर.

"सर, सोलापूर तिकडं," म्हणत मी विमान काट्यावर घेतलं.

थोड्या वेळानं त्यांनी टोपी काढायला सांगितली. समोर एकरूखचा तलाव चमकत होता आणि त्याच्यामागं सोलापूर पसरलेलं.

"मला खिडकीतून सगळं दिसत होतं," ते म्हणाले. "काटा बरोबर आहे, हे लागल्या-लागल्याच कळलं होतं. तुम्हाला दोन्हीकडून ढकलून पाहत होतो. अंदाजानं वळल्या असत्या, तर बरोबर वळूनही सही दिली नसती."

परतताना त्यांनी भजनाचा अर्थ विचारला. पहिली ओळ सांगून मी अडले. माझी कानडी पेशंटपुरती, उपाशीपोटी या आणि मूठ आवळा, एवढीच. सर इतके हसले, की धाराशिव आलं तरी थांबेनात.

उतरल्यावर विमानाच्या शेपटीवर वही टेकवून त्यांनी सही केली. दोन दिवसांनी मी एकटी निघाले. सगळी केंद्रं चालू होती, मोर्सची अक्षरं स्वच्छ ऐकू आली, आणि शेजारची खुर्ची रिकामी असल्यामुळं विमानानं जमीन जरा लवकरच सोडली.