प्रमोदिनीबाईंची एका आसनाची गाडी

महाडच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या प्रमोदिनीबाई ओक गाडी शिकल्या त्या निव्वळ वैतागून. त्यांचे यजमान शरदराव घाटात गाडी अशी चालवायचे की मागची एसटी हॉर्न वाजवून दमायची. पोलादपूर सोडून कशेडी चढायला लागलं की बाईंचा कंटाळ्याने जीव जायचा. शेवटी पन्नाशीत त्यांनी लायसन्स काढलं आणि स्टिअरिंग हातात घेतलं. तेव्हापासून शरदराव शेजारी बसून सूचना देऊ लागले.

मुलगी सई कोल्हापूरला दिली आहे. गेल्या दिवाळीत जावई आमोद सगळ्यांना कार्टिंगच्या ट्रॅकवर घेऊन गेला. त्या बुटक्या, उघड्या गाडीत बाई बसल्या आणि आमोदला मागे टाकून आल्या. माझ्या गाडीचं इंजिनच मंद होतं, असं आमोद म्हणाला. मग बदलून घेऊ, असं बाई म्हणाल्या. गाड्या बदलल्या, निकाल बदलला नाही.

ट्रॅकला लागूनच सुनीलचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या खोलून पुन्हा मूळच्यासारख्या उभ्या करणं हा त्याचा धंदा. तिथे बाईंना ती दिसली. पिकल्या तोंडल्यासारखी लालबुंद आणि निमुळती, चारी चाकं अंगाबाहेर, आणि मधोमध एक माणूस कसाबसा मावेल एवढा खड्डा. चाळीसेक वर्षांपूर्वी मद्रासकडच्या कुणीतरी फियाटचं इंजिन बसवून ती घडवली होती, शर्यतीसाठीच. आता कोइमतूरला दरवर्षी अशा जुन्या गाड्यांची शर्यत होते, असं सुनीलने सांगितलं. पण गाडी पुण्याच्या एका बिल्डरने जवळजवळ घेतलीच होती.

बाई महाडला परतल्या, पण मन तिथेच राहिलं. पंधरवड्याने सुनीलचा फोन आला. बिल्डर साहेब गाडीत बसायला आले होते, पण त्यांचे गुडघे आत जाईनात. सांगाड्याचे पुढचे पाइप कापा, असा त्यांचा आग्रह होता. सुनीलने साफ नाही म्हटलं, कारण सांगाडा कापला की ती जुनी गाडी राहत नाही आणि शर्यतीतही कुणी घेत नाही.

बाई शरदरावांना घेऊन कोल्हापूरला धडकल्या. गाडीत मूळचं किती आणि नवं किती, ते त्यांनी सुनीलला एकेक भाग दाखवून सांगायला लावलं. त्याने आडपडदा न ठेवता गंजल्यामुळे काढलेले आणि त्यांच्या जागी नवे घातलेले पाइप दाखवले. मग म्हणाला, “बसून बघा की काकू.”

आयुष्यभर उंचीवरून चिडवल्या गेलेल्या, घरच्या गाडीत उशी घेऊन बसणाऱ्या प्रमोदिनीबाई त्या खड्ड्यात अशा बसल्या, जणू शिंप्याने त्यांचं माप घेऊनच गाडी शिवली होती. बाहेर काढताना मात्र सुनीलला स्टिअरिंगच उपटून बाजूला ठेवावं लागलं. ते तसंच निघतं हे कळेपर्यंत शरदरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“यात मी कुठे बसायचं?” त्यांनी विचारलं.

“म्हणूनच घेतेय,” बाई म्हणाल्या.

युरोपच्या सहलीसाठी ठेवलेले पैसे तिथेच सुनीलला गेले. परतताना आंबेनळी घाटाच्या एकाही वळणावर शरदराव बोलले नाहीत. एवढी शांतता बाईंना सोसवेना. पोलादपूरला चहा घेताना त्यांनी सांगितलं, की शर्यतीत ट्रॅकच्या कडेला पाटी घेऊन एक माणूस लागतो. किती फेऱ्या उरल्या ते दाखवायला. शरदरावांनी कप खाली ठेवला आणि पाटी केवढी असते, असं विचारलं.

मग बाईंनी कोइमतूरला प्रशिक्षण घेतलं, डॉक्टरी तपासणी दिली, शर्यतीचं लायसन्स मिळवलं. सईने आईच्या दुखऱ्या गुडघ्यांवरून बरंच ऐकवलं आणि शेवटी गुडघ्याचे पट्टेही तिनेच आणून दिले.

शर्यतीच्या दिवशी बाई पहिल्या फेरीला शरदरावांसमोरून गेल्या, तर पाटीवर लिहिलेलं होतं: ‘हळू’. दुसऱ्या फेरीलाही ‘हळू’. बाई हेल्मेटमध्ये हसल्या आणि पुढच्या वळणावर जरा जास्तच जोरात शिरल्या. गाडी गर्रकन फिरली, उलटं तोंड करून गवतात थांबली. तिथल्या माणसांनी धक्का मारला, इंजिन खोकून सुरू झालं. बाई पुन्हा समोर आल्या तेव्हा शरदरावांनी पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. तिच्यावर घाईघाईने लिहिलेलं होतं: ‘बरी आहेस?’

बाईंनी हात वर केला. पुढच्या फेरीला पाटीवर पहिल्यांदा आकडा आला.

त्या शेवटच्या आल्या. पण शर्यत पुरी केली. दोन गाड्या तर धूर काढत मधेच बसल्या होत्या.

गाडी सुनीलकडेच असते. महाडला परतल्यावर बाई मानेचा व्यायाम म्हणून सकाळी हेल्मेट घालून ओटीवर बसतात. दूध घालायला येणाऱ्या जानकीबाईंनी पहिल्या दिवशी किटली खाली ठेवून नीट न्याहाळलं.

“बाई, नंबर कितवा आला?”

“शेवटचा.”

“लागला नाय ना कुठं?”

“नाही.”

“मंग बरा झाला,” जानकीबाई म्हणाल्या. “पुन्यांदा कवा जायचा हाय?”

बाईंनी आत हाक मारून विचारलं. तिकिटं काढून झाली आहेत, असं शरदरावांनी आतूनच सांगितलं.