गुडघाभर पाण्याची चौकशी

हसायचं असेल तर माझं सांगून झाल्यावर हसा, कारण मध्येच हसलात तर मला पुढचं आठवत नाही. माझी ही फजिती मी स्वतः, डोक्यावर साहेबी सोला हॅट घालून, हातात टेप घेऊन, पद्धतशीरपणे ओढवून घेतली होती. एवढी मेहनत करून फजिती करून घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आता पाहून घ्या.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी तेव्हा रेवदंड्याला भूगोलाचा मास्तर होतो. मूळचा मी माणदेशातला. आमच्याकडे पाणी दिसलं तर लोक त्याला नमस्कार करतात, त्यात उतरत नाहीत. समुद्र मी नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पाहिला आणि त्याच्याशी दुरूनच संबंध ठेवला.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या बहिणीची दोन मुलं आमच्याकडे आली. माझी दोन धरून चार. बहिणीने पत्रात लिहिलं होतं, "मुलांना समुद्र दाखव, पण जपून. शरद फार आडदांड आहे." शरद म्हणजे तिचा थोरला, नऊ वर्षांचा. तो आला त्याच दिवशी आमच्या विहिरीत वाकून बघताना सापडला.

आता मुलांना समुद्रावर न्यायचं म्हणजे कुठल्या किनाऱ्यावर? तिथलाच कोणी असता तर शेजाऱ्याला विचारून मोकळा झाला असता. मी पडलो भूगोलाचा मास्तर. मी ठरवलं, आधी पाहणी करायची.

शाळेतली लांब उडी मोजायची टेप घेतली. एक वही घेतली. ऊन होतं म्हणून एका निवृत्त ओव्हरसियरकडून सोला हॅट मागून आणली. आणि सायकल काढून निघालो.

दोन गावं मनात होती, सुरवाडी आणि केळशेत. दोन्ही शेजारी शेजारी. मध्ये खडकाची एक सोंड समुद्रात शिरलेली, तिच्यावरून पायवाट.

पहिल्यांदा सुरवाडीला गेलो. काय जागा होती, सांगतो. मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे पांढरी स्वच्छ वाळू आणि पाणी असं निळं, की आमच्या शाळेच्या नकाशातला समुद्र त्यापुढे मळका वाटावा. मी वाळूची रुंदी मोजली, वहीत लिहिली. वर पाहतो तर वाडीच्या दगडी गडग्याशी एक बाई उभी. पासष्टीच्या असतील, लाल लुगडं, हातात सुपारी सोलायची सुरी. त्या पार्वतीकाकू. ती वाडी त्यांचीच.

"रेवदंड्याहून आलात का?" त्यांनी विचारलं.

"हो. किनारा बघतोय. इथे पाणी खोल आहे का हो, काकू?"

त्यांनी माझ्या हॅटकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. म्हणाल्या, "छे, कसलं खोल. गुडघाभर. अर्धा कोस चालत गेलात तरी धोतर भिजायचं नाही."

"एकदम खोल होतं का कुठे?"

"मुळीच नाही. मोठी होडी तर इथे लागूच शकत नाही. लिहिलंत का ते?"

मी लिहिलं. मनात म्हटलं, बाई किती विचारी आहे. होड्या येत नाहीत म्हणजे मुलांना धक्का लागायची भीती नाही, हे तिने आपण होऊन सांगितलं.

"वाळूत गाडी किती आत येते?"

"येतच नाही. रुतते. तेही लिहा."

तेही लिहिलं. त्यांनी मला शहाळं दिलं आणि वहीत सगळं नीट उतरलंय ना, हे माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं.

मग पायवाटेने केळशेतला. हे कोळ्यांचं गाव. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले, होड्या दूर पाण्यात उभ्या. मी टेप सोडली मात्र, पाच-सहा माणसं जमली. त्यांचा म्होरक्या धर्मा नाखवा. काळा, उंच, कानात बाळी, आवाज असा की लाटेच्या वर ऐकू यावा.

"साहेब, पाण्याची चौकशी हाय का?"

"हो. किती खोल आहे इथे?"

"खोल?" नाखवाने मागच्या माणसांकडे पाहिलं. "हत्ती बुडंल, साहेब."

मी दोन पावलं मागे आलो.

"किनाऱ्याजवळसुद्धा?"

"किनाऱ्यालाच तर खरं पानी हाय. लाँच अशी हितवर येल, तुमच्या बुटापातूर." आणि मी जरा पुढे होऊन बघायला लागलो तर त्याने माझा दंड धरला. "म्होरं जाऊ नका, साहेब. तुमची जोखीम आमच्यावर."

मी वहीत लिहिलं: केळशेत, अत्यंत धोकादायक. नाखवा डोकावून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण मी दोनदा अधोरेखित केलं ते त्याला फार आवडलं. त्याने मला गुळाचा चहा पाजला आणि गावची चार माणसं वेशीपर्यंत पोचवायला आली. मला वाटलं, या किनाऱ्यावर शिक्षकाला केवढा मान आहे.

घरी येऊन मी बायकोला वही वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बरं." एवढंच.

रविवारी बैलगाडी केली. दशम्या, लसणाची चटणी, कांदे, पाण्याची कळशी, बायको आणि चार मुलं घेऊन आठाच्या सुमारास सुरवाडीला पोचलो. गाडी वाळूत मुळीच रुतली नाही, ही पहिली खूण. माझ्या लक्षात आली नाही. मुलं समुद्र बघून आधी गप्प झाली, मग एकदम ओरडायला लागली. आणि मी, हॅट सावरत, मोठ्या मनाने म्हणालो, "जा, खुशाल जा. गुडघाभर पाणी आहे."

मुलं सुटली. शरद सगळ्यांत पुढे.

तेवढ्यात वाडीतून हाक आली. कसली हाक, किंकाळीच ती. पार्वतीकाकू गडग्यावरून उतरल्या आणि लुगडं वर खोचून वाळूतून धावत सुटल्या. आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात असं धावलेलं मी कोणाला पाहिलं नाही. मुलांच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन त्यांनी दोन्ही हात पसरले. तिघं थांबली. शरद हाताखालून निसटला, तशी त्यांनी त्याच्या सदऱ्याची मागची बाजू धरली आणि त्याच्यासकट मागे बसल्या. लाट आली आणि दोघांना कमरेपर्यंत भिजवून गेली.

मी धापा टाकत पोचलो.

"ही पोरं तुमची?" काकूंनी विचारलं.

"हो. म्हणजे दोन माझी, दोन बहिणीची."

"मग मी परवा खोटं बोलले. तीन पावलांवर पुरुषभर पाणी आहे इथे."

"पण तुम्हीच म्हणालात गुडघाभर."

"ते सरकारला सांगितलं," काकू म्हणाल्या. "पोरांना थोडंच सांगितलं होतं?"

त्यांनी वाडीतला नारळ पाडायचा लांब बांबू मागवला, दोन पावलं पाण्यात गेल्या आणि तो पुढे खुपसला. बांबू त्यांच्या मनगटापर्यंत आत गेला. तो बांबू मला अजून दिसतो. मी वाळूत बसलो. बायकोने चारही मुलांना जवळ ओढलं.

मग उलगडा झाला. सरकार या बाजूला बोटींसाठी धक्का बांधणार आणि साहेब जागा बघायला फिरतोय, अशी बातमी होती. धक्का म्हणजे रस्ता आला, आणि रस्ता काकूंच्या वाडीतूनच जाणार. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने पाणी शेंदून जगवलेल्या पोफळी त्यात जाणार.

"तुम्ही धक्क्याचे साहेब नाही?"

"मी भूगोलाचा मास्तर."

काकूंनी माझ्या हॅटकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरांना केळशेतला न्या. तिथे म्हशी समुद्रात बसतात."

"तिथे हत्ती बुडतो म्हणाले."

"कोण, धर्मा? त्याला धक्का हवाय, म्हणून त्याचा हत्ती बुडतोय."

आणि त्या ओल्या लुगड्यानिशी, आमच्या धाकटीला कडेवर घेऊन, पायवाटेने स्वतः आमच्याबरोबर निघाल्या.

केळशेतला नाखवाने लांबूनच हॅट ओळखली. माणसं गोळा करून तो सामोरा आला. "या साहेब. खोली पुन्यांदा बघायला आलाव जनू?"

मी तोंड उघडणार तोवर मुलं त्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्यात गेली. गेली ती गेलीच. शरद पळता पळता अंगठ्याएवढा दिसायला लागला आणि पाणी त्याच्या गुडघ्याला.

नाखवा जराही डगमगला नाही. "आज वहटी हाय, साहेब."

"नाखवा," काकू म्हणाल्या, "भरती लागून दोन तास झाले."

मागची माणसं हसली. नाखवाही हसला, पण मग खाली बघून बोलला. "खरं सांगू? पानी न्हाय म्हणून तर धक्का पायजे. होडी जवळ येत न्हाय. आमच्या बाया मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन त्या तिथून चिखलातून येतात. गेल्या पावसाळ्यात माझी सून अडली, तिला चौघांनी खांद्यावरून होडीत नेली. उथळ सांगितलं तर सरकार बांधंल का?"

मी हॅट काढली आणि खरं सांगून टाकलं. वाटलं, आता हा चिडणार. पण तो म्हणाला, "मास्तर हाव? मग आक्षर चांगलं असंल. आमचा अर्ज लिवून द्या."

त्या दिवशी त्याच्या घरच्यांनी आम्हाला तांदळाच्या भाकरी आणि ताजी मासळी वाढली. त्याच सुनेने आपलं तान्हं बायकोच्या मांडीवर दिलं आणि मुलांना पाण्यावर उताणं तरंगायला शिकवलं. नाखवा आणि काकू, एकाला धक्का हवा आणि दुसरीला नको, एका होडीच्या सावलीत बसून मुलांवर नजर ठेवत होती. मी अर्ज लिहिला, उथळ पाण्याचं सगळं खरं कारण देऊन. मला दोघांनी फसवलं होतं, आणि तरी एवढी सरळ माणसं मी आजवर पाहिली नव्हती.

परतताना मुलं गाडीत झोपली. दिवसभर गप्प असलेली बायको तेव्हा बोलली.

"तुम्ही पाहणीला आलात, तेव्हा केळशेतला पाण्यात कोणी मुलं होती का?"

"होती की. वीसेक असतील."

"पोहत होती?"

मी आठवून पाहिलं. "नाही. उभी होती."

"काय करत होती?"

खोटं बोलावंसं फार वाटलं, पण दिवसभरात त्याचे परिणाम पाहिले होते.

"विटीदांडू खेळत होती," मी म्हणालो. "मला वाळू मोजायला अडचण होत होती, म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं, जरा आत जाऊन खेळा."