खांद्यावरची घडी

संग्रहालयात आत्या एका जुन्या फोटोसमोर थांबली आणि म्हणाली, "हे मीच व्हय वं."

खरंच तीच होती. विशीतली, खांद्यावर रुंद काठाची रेशमी साडी. खाली पाटी: 'व्यापारी घराण्यातील स्त्री'.

माझं डोकं फिरलं. हिनं अर्धा जन्म माग चालवला, माग बंद पडल्यावर हिंगण्याच्या कारखान्यात डबे भरले, आणि संग्रहालयाच्या भिंतीवर ही शेठाणी! मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते, त्यामुळे आवाज बारीक ठेवायची सवय नाही. कष्ट विणकराचे आणि मान शेठाचा, असं मी तिथंच सुनावायला लागले. रखवालदार धावत आला. त्याच्यामागून हा सगळा संग्रह जमवणारे एक वयस्कर काकाही आले.

"ताई, बंद पडणाऱ्या स्टुडिओंतून मी फोटोंची खोकी उचलली. नाव एकावरही नव्हतं. साडी पाहून अंदाज बांधला."

"रेशीम दिसलं की शेठाणी? वा रे अंदाज!"

"तू काहून बोंबलून राहिली वं?" आत्या मलाच म्हणाली. मग काकांकडे वळली. "पण भाऊ, मले शेठाणी नका म्हणू. ते साडी म्या विणली. तेवढं लिहून द्या."

"मग तुम्हीच नेसलात?"

"नेसली कुठं? घडी मोडली असती तर शेठनं नवी म्हणून घेतली असती का? आमच्या गल्लीत चांगली साडी उतरली की इतवारीच्या बाजारात शेठले द्यायच्या आधी बाया स्टुडिओत जात. घडी तशीच खांद्यावर टाकायची. फोटोवाला कमरेपर्यंतच फोटो घेई. खाली जुनं लुगडं होतं ना!"

काका फोटोला नाक लावून बघत राहिले. घडीच्या रेषा खरोखरच दिसत होत्या. मग ते लगबगीनं बाजूच्या भिंतीकडे गेले. तिथंही कमरेपर्यंतच्या बाया, खांद्यावर घड्या, आणि खाली तीच पाटी.

"म्हणजे ह्यासुद्धा?"

"हे आमच्या शेजारची. अन् हे तर लय भांडकुदळ! पण काठ असा काढे का पाहतच राहावं."

काकांनी आत्यासाठी खुर्ची मागवली आणि पाट्या स्वतःच्या हातानं काढल्या. "काय लिहू, सांगा."

मी लगेच सुरू झाले, "पिढ्यान्पिढ्या पिळवणूक सोसणाऱ्या..."

"तुह्यं भाषण राहू दे," आत्या म्हणाली. "लिहा भाऊ, साडी हिनंच विणली. अन् खाली नाव."

मला राग आला, पण खरं सांगते, माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा ते चांगलं होतं.

पुढच्या रविवारी आत्याच्या गल्लीतल्या, अजून हयात असलेल्या बाया आल्या, सुना-नातवंडं घेऊन. प्रत्येक जणी आपली पाटी मोठ्यानं वाचत होती; ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना नातवंडं वाचून दाखवत होती. आत्या नवीकोरी साडी नेसून आली होती. आपल्या फोटोशेजारी उभी राहून तिनं माझ्याकडे मोबाइल दिला.

"काढ आता. अन् पायापर्यंत घे."