पाणी कुठल्या नळावर भरता?

आम्ही बीडकडून चाकणच्या आतल्या एका गावात आलो तेव्हा वडलांना हेल्परची नोकरी लागली होती आणि चौघांना मिळून पत्र्याची एक खोली होती. गावात बस येत नव्हती. फाटा चार किलोमीटर. कंपनीची गाडी फाट्यावरूनच सुटायची. चुकली की वडलांचा खाडा. मी तापानं फणफणले तेव्हा आईनं मला पाठीवर घेऊन तो फाटा गाठलेला आहे.

बारावीनंतर आकुर्डीच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला नंबर लागला. पहिला तास साडेसातचा. आधी चालत फाटा, मग भरेल तेव्हा सुटणारी रिक्षा, मग बस. पहिला तास बुडायचाच. वर्षाच्या शेवटी बाईंनी हजेरीचा कागद पुढं ठेवला. "या वेळी सही करते. पुढच्या वर्षी असंच झालं तर परीक्षेला बसता येणार नाही."

घरी सांगितलं. वडील म्हणाले, "मग बास की. बारावी काय कमी झाली का?"

मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेले. बसचा अर्ज सरपंच काकूंनी पूर्वीच केला होता. आगाराचं उत्तर आलं होतं : लोकसंख्या कमी, फेरी परवडत नाही. मी अर्ज वाचला. आकडा जुन्या घरांचाच होता.

"काकू, यात आमच्या खोल्यांतली माणसं कुठंयत?"

"तुमी भाडेकरू. तुमचं गाव तिकडं."

"मग रोज सकाळी फाट्यावर चालत जातं ते कोण?"

"लई बोलती गं पोरगी," त्या म्हणाल्या, पण हसल्या. "जा, मोजून आण. नवा अर्ज करू."

काकूंच्या स्वतःच्याच बारा खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या. त्या कागदावर आल्या की घरपट्टी वाढणार, हे त्यांना कळत होतं. तरी जा म्हणाल्या, हे मी विसरत नाही.

वही घेऊन निघाले. दारोदार विचारलं, "गाव कुठलं?" कुणी लातूर म्हणालं, कुणी वाशीम. "आम्ही इथले नाही, ताई, लिहू नका." एकानं तर विचारलं, "खोली खाली करायला लावता का काय?" संध्याकाळपर्यंत वहीत अर्धा महाराष्ट्र जमला, पण या गावचं एक माणूस नाही. घरी आईला विचारलं. तीही म्हणाली, "मपलं गाव बीडकडं." इतकी वर्षं इथं राहून! तेव्हा उमगलं. गावानं आम्हाला वगळलं होतं हे खरं, पण कुणी विचारायला आलं की आम्हीही आमच्याच तोंडानं नाही म्हणत होतो.

मग प्रश्न बदलला. "पाणी कुठल्या नळावर भरता?"

"चौकातल्या. आणखी कुठल्या? तिथंसुद्धा हंडा आधी ठेवला तर भांडण!"

एकदा नळाचं बोलणं निघालं की घरात माणसं किती, फाट्यावर कोण कोण जातं, सगळं भडाभडा सांगायचे. मी लिहून घेतलं, खाली सह्या घेतल्या.

वही बघून काकू म्हणाल्या, "अगं, गावापेक्षा खोल्याच मोठ्या हायत की!"

बाकावर बसलेले एक आजोबा करवादले, "म्हंजी आता आमी पाव्हणं व्हय?"

"पाव्हणं न्हाई, आबा. बसमधलं प्याशिंजर," काकू म्हणाल्या.

नव्या अर्जाला ती यादी जोडली. काकूंनी आगारात खेटे घातले, एकदा मलाही नेलं. दुसरं वर्ष सुरू होऊन महिना होतोय तोवर सकाळची फेरी गावात आली. पहिल्याच दिवशी इतकी माणसं चढली, की मला बसायला जागा मिळाली नाही. वडीलही त्याच गर्दीत होते. फाट्यावर उतरताना म्हणाले, "पळ, तुझा तास चुकंल."

हजेरी भरली. त्या वर्षीची परीक्षा दिली, पुढच्याही वर्षीची दिली. मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.