मामा रावण झाला ती पहाट

‘नको’ म्हटलेली गोष्ट केल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, असा माणूस अख्ख्या मुलखात एकच, आणि तो नेमका माझा मामा. वैद्यानं ताक वर्ज्य सांगितलं की हा तांब्याच तोंडाला लावणार. आई गेल्यावर मी मामा-मामीकडेच वाढले. मामाला जव्हार संस्थानात कारकुनी मिळाली, तेव्हा वाईतल्या शहाण्यांनी एकमुखानं ‘त्या रानात नको’ म्हटलं. झालं, आमची गाडी जुंपलीच! मामी सारखी म्हणे, “अहो, परक्या राजाचं राज्य, जरा नमतं घ्या.” त्यावर, “राजा परका असेल, मान माझीच आहे ना?” कचेरीतली मंडळी नागलीच्या भाकरीला नाकं मुरडत, म्हणून हा ती मुद्दाम ओटीवर बसून खाई. दात दुखत, पण खाई.

तिथं मला हिवतापानं असं धरलं, की वैद्यानंही पुडी बांधणं सोडलं. मोखाड्याकडून मोळी घेऊन येणारी एक बाई दारात टेकली नि मामाला म्हणाली, “तू देवीआईला सोंग बोल. पोर उठल.” तिकडे लहानथोर सगळ्यांनाच ‘तू’. मामीच्या कपाळाला आठी पडली, मामा मात्र तिथंच हात जोडून सोंग घेऊन नाचायचा नवस बोलला. आणि पोर उठली की! म्हणून तर हे सांगतेय. आता मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे देवादानवांचे मुखवटे चढवून गाव रात्रभर नाचतं त्या उत्सवात, मामाला नाचणं आलं. शिरस्तेदारांनी बोलावून बजावलं, “कचेरीच्या माणसानं नाचायचं नाही. नाचलात तर पुन्हा ही पायरी चढू नका.” मामा म्हणाला, “नवस बोलताना तुमची परवानगी घ्यायची राहिली खरी!”

सोंगं घराघरांना ठरलेली. रावणवाल्याचा पाय मुरगळला होता, म्हणून ते मामाकडे आलं. आधीच पाप्याचं पितर, त्यावर दहा तोंडांचा मुखवटा. वाऱ्यात उघडलेली छत्री चालत यावी तसं ते ध्यान! तांबडं फुटता फुटता संबळ कडाडला, रावणानं पहिली गिरकी घेतली, आणि रावण शिंकला. तपकीर! मामी नको म्हणे म्हणूनच जडलेली. शिंकेवर शिंक, आणि दहाही तोंडं गदगदा हलताहेत. शिरस्तेदार पुढेच बसलेले. ती शिंक ते रोज कचेरीत ऐकत.

“कोण आहे रे तो?”

गावचा पाटील शांतपणे म्हणाला, “रावण हाय.”

“अरे, पण आत कोण?”

“आतबी रावणच, सायेब.”

माणसं खदखदून हसली. मुखवटा उतरल्यावर शिरस्तेदार जवळ येऊन हळूच म्हणाले, “मी काही पाहिलं नाही. फक्त ‘मी नव्हतो’ एवढं म्हणा.” मामीनं पदर पसरला, “म्हणा हो!” मामा घामानं निथळत होता. “मी नव्हतो म्हटलं, तर नवस फेडला कुणी? पोरीचा जीव खोट्यावर ठेवू?” आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, “मीच होतो!”

नोकरी गेली. आमची गाडी जव्हारबाहेर पडली तेव्हा मामी तोंड फिरवून बसलेली, मामा मागून चालत, मान ताठ. शिरपामाळाजवळ बाजाराला निघालेली माणसं मोळ्या उतरवून थांबली. “ए रावणा,” त्यांनी साद घातली, “परत ये रं!” मामानं वळून पाहिलं नाही, नुसता हात वर केला. पुढं वाईत तो पुष्कळ वर्षं जगला. कुणी पंत म्हणे, कुणी काका. पण तशा मायेनं त्याला कुणी हाक मारलेली मी काही पुन्हा ऐकली नाही.