भट्टीला संप नाही

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे ‘शेकोटी’ म्हणत. सगळा जन्म भट्टीपाशी गेल्यामुळे त्याला बाहेर कायम थंडी वाजायची. भर उन्हाळ्यातही हा माणूस स्वेटर घालून बसथांब्यावर उभा, आणि ओळखीचे लोक त्याच्याकडे बघून हात शेकल्यासारखं करायचे. तो हसायचा. आगीशी संसार करणारा माणूस तापट असेल असं आपल्याला उगीच वाटतं. ह्याला रागावताच येत नसे. त्याच्या वाटणीचं बायको रागावून घ्यायची.

त्याचं काम एवढंच, की भट्टी कमी-जास्त होऊ द्यायची नाही. डोळ्याला निळी काच लावून झरोक्यापुढे उभं राहायचं, आतल्या उजेडाचा रंग बघायचा आणि गॅसची चावी केसभर इकडे किंवा तिकडे फिरवायची. संध्याकाळी तो चावी लावून जायचा, तेवढ्यावर भट्टी रात्र काढायची; सकाळी मात्र जाणता हात लागायचाच. बाकीची यंत्रं बंद करता येतात, भट्टी येत नाही. एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षं जळती ठेवावी लागते. थंड पडली तर आतली वितळलेली काच थिजते, विटांना धरून बसते आणि विटा तडकतात. मग ती पाडून नवी बांधायची, आणि तेवढी ऐपत मालकाची राहिलेली नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून कामगारांनीच फार पूर्वी एक रीत पाडली होती. संप झाला तरी भट्टीवाल्यानं आत जायचं. बाटली एकही काढायची नाही, फक्त आग राखायची. संप मिटल्यावर कामाला जागा तर हवी ना! ‘भट्टीला संप नाही’ असं म्हणून सभेत हात वर व्हायचे, आणि त्यात पहिला हात दादाचा असायचा.

दादा म्हणजे शेकोटीचा सख्खा थोरला भाऊ, युनियनचा पुढारी. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानंच ह्याला वाढवलं, कारखान्यात चिकटवलं, लग्न लावून दिलं. दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. संध्याकाळचं जेवण मात्र दादाच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांचं एकत्र. दोन जावा म्हटल्यावर भांड्याला भांडं लागायचंच, पण ताटं कधी वेगळी झाली नाहीत. शेकोटीला नव्या चपला घ्यायच्या असल्या तरी दादा बरोबर लागायचा. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही असं बायको म्हणायची, आणि तिचं बरोबरच होतं.

ह्या वेळचा संप फार लांबला. शेकोटी रोज फाटकातून आत जायचा. बाहेर बसलेले लोक त्याला वाट करून द्यायचे, आपल्यातला चहा द्यायचे. “काय शेकोटी, आमची ऊब शाबूत आहे ना?” असं विचारायचे. आणि मग एका सकाळी मागच्या फाटकातून पडदे लावलेल्या बस आत शिरल्या. मालकानं बाहेरगावची माणसं आणली होती. भट्टी तर तापलेलीच होती, काच वितळलेलीच होती. संध्याकाळी बाटल्यांनी भरलेला ट्रक बसलेल्या लोकांच्या नाकावर टिच्चून पुढच्या फाटकातून बाहेर पडला. त्याच्या मागून स्वेटरची बटणं लावत शेकोटी बाहेर आला. त्याला कुणी वाट करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारावर डांबरानं इंग्रजी अक्षरं काढलेली दिसली. त्याची मुलगी कॉलेजात शिकत होती. तिनं वाचलं, “स्कॅब.” मग न राहवून म्हणाली, “बी एकच हवा. ह्यांनी दोन काढलेत.”

“मेल्यांना शिवीसुद्धा धड लिहिता येत नाही!” असं म्हणत बायको घासलेट आणि फडकं आणायला गेली.

“पण म्हणजे काय?” शेकोटीनं विचारलं.

मुलगी सांगायला तयार होईना. तो हटून बसला, तेव्हा तिनं शब्दकोश काढला. शब्द फार जुना होता, उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आलेला. आधी त्याचा अर्थ खरूज, जखमेवरची खपली, मेंढ्यांचा रोग असा होता. मग खरजेचं माणूस कुणाला जवळ नको असतं, म्हणून कुठल्याही हलकट माणसाला तो लावू लागले. आणि दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या कामगारांनी तोच उचलून, बाकीचे संपावर असताना कामावर जाणाऱ्याला चिकटवला.

“संपफोड्या म्हण ना सरळ,” शेकोटी म्हणाला.

“तेच ते बाबा. पण संपफोड्या म्हटलं की तो काय करतो एवढंच कळतं. ह्यात किळस आहे.”

शेकोटीनं स्वेटर अंगात चढवला. मग म्हणाला, “जेवताना दादाला विचारतो,” आणि त्या दिवशी तो कामावर उशिरा गेला. जन्मात पहिल्यांदा.

संध्याकाळी तो नेहमीसारखा दादाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. वहिनीनं त्याच्याकडे न बघता ताट घेतलं, आणि घेतलं तसंच परत ठेवलं. दादा तिला म्हणाला, “त्याला सांग, ह्या घरात संपावरची माणसं जेवतात.”

“दादा, सभेत पहिला हात तूच वर केला होतास,” शेकोटी म्हणाला.

दादानं भिंतीकडे बघत उत्तर दिलं, “तेव्हा भट्टी रिकामी जळत होती. आता तिच्यावर बाटल्या निघताहेत.”

“मग विझवू?”

“विझव असं मी म्हटलेलं नाही. तू जाऊ नकोस, एवढंच म्हणतोय.”

“एकच झालं ना, दादा? त्या नव्या माणसांना तिच्यातलं काही कळत नाही.”

दादा उठून हात धुवायला गेला. अजून तो जेवायला बसलाही नव्हता. हे असं असतं. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची ते सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त तोंडानं कुणी म्हणायचं नसतं. मला त्या दादाचा राग येतो, तो आजही येतो.

सकाळी शेकोटी घरीच राहिला. बायकोनं विचारलं, “बरं नाही का?” तो म्हणाला, “बरा आहे,” आणि खिडकीशी जाऊन बसला. तिथून कारखान्याचं धुराडं दिसायचं. आतल्या नव्या लोकांनी आधी गॅस कमी केला, मग घाबरून एकदम वाढवला, शेवटी बंदच केला. धुराड्यावरची हवा हलायची थांबली. विटा तडकायला लागल्या तेव्हा त्याचा आवाज फाटकापर्यंत आला, आणि बाहेर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या फार वेळ टिकल्या नाहीत. त्यातल्या जुन्या माणसांना तो आवाज कशाचा आहे ते समजलं होतं. बसमधून आलेले बसमधून परत गेले. आठवड्याच्या आत फाटकावर कारखाना कायमचा बंद झाल्याची नोटीस लागली.

त्या संध्याकाळी दादा स्वतः शेकोटीच्या दारात आला. “जेवायला चला रे सगळे,” म्हणाला. वहिनीनं ताटं मांडली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दादानं दोन घास खाल्ले आणि त्याचा हात थांबला.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “एवढी घरं उठली. मी नुसतं पुढारीपण केलं. पण तुला तर माहीत होतं ना, काय होणार ते? तू का ऐकलंस माझं?”

शेकोटीनं भावाच्या ताटात भाजी सरकवली.

“तू माझ्याशी बोलत नव्हतास ना, दादा,” तो म्हणाला.