माळ्याच्या पोरीची भाषा

विश्वजीत सरांचं भाषण ज्यानं ऐकलं नाही असा माणूस हिंगोलीत शोधावा लागेल. कॉलेजचं गॅदरिंग असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो, नाहीतर कुणाच्या लेकीचं लग्न असो, सर माइक हातात घेतात आणि म्हणतात, "अभिजात नाटक माणसाला प्रेम करायला शिकवतं!" मग उदाहरण द्यायला फार लांब जात नाहीत. समोर बसलेल्या बायकोकडे बोट करतात. "आता आमचंच बघा ना." साधना पदर सारखा करते आणि हसायच्या तयारीला लागते. पुढं काय येणार ते तिला पाठ असतं. बावीस वर्षं तेच येऊन राहिलंय, पाठ न व्हायला काय झालं?

तर सरांचा तो किस्सा असा. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनं संस्कृत नाटक मराठीत बसवलं. राजाचं आणि माळ्याच्या पोरीचं. राजा बागेत येतो, पोरीच्या प्रेमात पडतो, वचन देतो आणि जातो. सोळा वर्षांनी परत येतो तेव्हा ती दारात उभी राहून एवढंच विचारते, "आता का आलात?" त्या पोरीचं काम केलं होतं साधनानं. स्पर्धेचा दिवस, समोर परीक्षक, गच्च भरलेला हॉल, सगळा अंक तिनं सोन्यासारखा केला. आणि ऐन त्या वाक्याला तिच्या तोंडून निघालं, "आता काहून आलात?"

"काहून!" सर माइकमध्ये ओरडतात. "संस्कृत नाटकात काहून! परीक्षक खुर्चीतून पडायचे राहिले हो! बक्षीस गेलं, पण ही राणी पदरात पडली. पदरी पडलं, पवित्र झालं!" लोक पोट धरून हसतात. साधनाही हसते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

किस्सा खोटा नाही. पण सर त्यातलं निम्मं गाळतात, आणि गाळलेलं निम्मं साधनाचं आहे.

साधना शिरड शहापूरच्या किसनरावांची थोरली. घरी हळद, सोयाबीन, दोन म्हशी. रोज एसटीनं हिंगोलीला कॉलेजात यायची. विश्वजीत तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, औंढ्याच्या पूजेअर्चेतल्या घरचा, गोरागोमटा, जिभेवर सरस्वती. त्यानं वाचन घेतलं तेव्हा बाकीच्या पोरी कागदात तोंड खुपसून वाचत होत्या. साधनानं कागद खाली ठेवला आणि बोलली. तिचा आवाज ऐकून त्यानं दुसऱ्या कुणाचं वाचन घेतलंच नाही.

मग तालमी. तो हातात पेन्सिल घेऊन बसायचा. तिनं 'न्हाई' म्हटलं की टक्, टेबलावर पेन्सिल. 'नाही' म्हण. 'पानी' म्हटलं की टक्. 'पाणी' म्हण, जीभ वर लाव. पोरगी जिद्दीची. गोठ्यात म्हशींसमोर उभी राहून पाणी, लोणी, कोणी, राणी असं तासतास घोकायची. किसनरावांना वाटलं, पोरीला बाहेरचं काही झालं.

पण तालमीतून तिला जे मिळालं ते खोटं कसं म्हणावं? राजा त्या माळ्याच्या पोरीला विचारतो, "तुला काय हवं आहे?" हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साधना पुढचं बोलणं विसरली. तिला जन्मात कुणी हे विचारलं नव्हतं. शिरडात माया करणारे पुष्कळ होते, पण तिथली माया म्हणजे 'जेवलीस का' आणि 'ऊन लागलं का'. बाईला काही हवं असू शकतं, आणि ते तिला विचारायचं असतं, हे तिला एका हजारभर वर्षांपूर्वीच्या नाटकानं सांगितलं. त्या एका वाक्यावर तिनं पुढं घरच्यांशी भांडण केलं, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आणि विश्वजीतशी लग्न केलं. पुढं किसनराव गेले तेव्हाही चुलीसमोर बसून ती त्याच नाटकातलं पुटपुटत होती. रडणं येत नव्हतं, तेव्हा त्या वाक्यांनी आणलं.

आणि स्पर्धेच्या दिवशी ती चुकली म्हणतात, ती चुकली कशानं? पाठ नव्हतं म्हणून नव्हे. त्या घडीला ती माळ्याची पोर झाली होती, तिच्यासमोर सोळा वर्षांनी तो उभा होता, आणि माणूस असं विचारतो तेव्हा आपल्या आईच्या भाषेत विचारतो. हॉल हसला. मागच्या रांगेत किसनराव बसले होते, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "लोकं हसून काहून राहिलेत?"

लग्नानंतर सरांनी तिला भूमिका दिली नाही. एकही नाही. "तुझी जीभ ऐन वेळी दगा देते," म्हणाले. तिला पडद्याआड बसवलं, संहिता घेऊन. कुणी अडखळलं की तिनं हळूच वाक्य पुरवायचं. बावीस वर्षांत तिनं राण्यांना, दासींना, देवांनासुद्धा वाक्यं पुरवली. घरात तर ती शुद्धच बोलायची. 'नाही', 'पाणी', 'का'. माहेरी गेली की भावजया तोंडाला पदर लावून हसायच्या, "आल्या पुण्याच्या बाई." म्हणजे इथं हसणं, तिथंही हसणं. कुठं गप्प बसावं, एवढंच तिला निवडता यायचं.

यंदा सरांनी तेच नाटक पुन्हा काढलं. तरुण माळीण जाई, कॉलेजची पोरगी, चुणचुणीत. शेवटच्या अंकातली, सोळा वर्षांनंतरची माळीण बँकेतल्या एक बाई करणार होत्या. त्यांची बदली झाली. स्पर्धा तीन आठवड्यांवर. मंडळी म्हणाली, सर, वहिनींना सगळं नाटक पाठ आहे. सर हसले. "छे छे, पुन्हा काहून ऐकायचंय का?"

साधनानं लग्नानंतर सरांकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मागितलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "शेवटचा अंक मला करू द्या. पंधरा मिनिटांचा तर आहे."

"अगं, वेडी का खुळी? हसू करून घ्यायचंय का स्वतःचं?" सर म्हणाले. "ते राहू दे. उद्या बंडोपंतांकडे जाऊन नाटकाची जुनी प्रत तेवढी घेऊन ये. जाहिरातीला मुखपृष्ठाचा फोटो टाकू."

बंडोपंत म्हणजे सरांचे गुरू. संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेले, आता ऐंशीच्या पुढचे. साधना गेली तेव्हा ओसरीवर तूर निवडत बसले होते. "काहून गं, सकाळी सकाळी?" म्हणाले. तिला बरं वाटलं. या माणसाच्या तोंडात तो शब्द कुणालाच खुपत नसे, ते संस्कृतचे पंडित पडले ना!

त्यांनी प्रत काढून दिली. साधनानं सहज शेवटचा अंक उघडला. संस्कृत तिला येत नव्हतं, अक्षरं तेवढी वाचता येत होती. माळणीच्या बोलण्याखाली बारीक टायपात आणखी काहीतरी छापलेलं होतं. राजाच्या बोलण्याखाली काही नव्हतं.

"हे काय आहे, अण्णा? हिच्याच खाली काहून?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"ती छाया," बंडोपंत म्हणाले. "या नाटकांत राजा संस्कृत बोलतो. बायका संस्कृत बोलत नाहीत गं, प्राकृत बोलतात. लोकांची भाषा. आणि गाणं म्हणतात ते तर महाराष्ट्री प्राकृतात, आपल्या मराठीची आजीच म्हण ना. ती पोरांना कळत नाही, म्हणून खाली संस्कृतात करून देतात, त्याला छाया म्हणतात. पोरं लबाड. वरचं सोडतात आणि छायाच वाचतात."

"मग ती खरं काय बोलली ते कोण वाचतं?"

"कोणी नाही," म्हातारा हसला.

साधना खाली बसली. "म्हणजे अण्णा, ही राजाशी आपल्या गावच्याच भाषेत बोलायची?"

"मग? आणि राजाला ते सगळं कळायचं. एकदासुद्धा म्हणत नाही तो, की बाई, नीट बोल. शोधून दाखव."

साधनाला एकच विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. तरी विचारलं. "यांना हे ठाऊक आहे?"

"विश्वजीतला? अगं, एम.ए.ला याच प्रश्नाला पंधरापैकी तेरा मार्क दिलेत मी त्याला. 'संस्कृत नाटकातील स्त्रियांची भाषा.' काय लिहिलं होतं पोरानं!"

रिक्षात तिला रडू आलं नाही, राग आला. न कळून हसला असता तर सोडून दिलं असतं. अडाण्याला काय बोलायचं? पण हा तेरा मार्कांचा माणूस, सगळं कळत असताना, बावीस वर्षं, चारचौघांत, हसत राहिला! आणि आपणही त्याच्याबरोबर हसलो. त्याचाच तिला जास्त राग आला.

ती तशीच तालमीच्या हॉलवर गेली. मंडळी चहा पीत होती. तिनं पुस्तक सरांसमोर उघडून ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माळीण लोकांच्या भाषेत बोलते. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

सरांचा चेहरा पडला. पण क्षणभरच हो, मुरलेला गडी! "तसं आहे ते," म्हणाले, "पण परीक्षकांना काय सांगणार होतो मी?" आणि चहा संपवला. तिसऱ्या दिवशी सरांनी मंडळी गोळा केली आणि जाहीर केलं, "मी एक प्रयोग करतोय. शेवटचा अंक आपल्या बोलीत. सध्या बोलीला दिवस चांगले आहेत. मूळ नाटककाराच्या मनात हेच होतं. साधना, तू करशील." टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा कसा येऊन बसतो ते बघायचं असेल तर त्या दिवशी तिथं असायला हवं होतं.

आणि साधनाला आनंद झाला. खरं ते सांगायला हवं. कल्पना कुणाच्या नावावर चढली ते तिला कळत होतं, तरी ती घरी जाऊन आरशासमोर उभी राहिली आणि पोरीसारखी हसली. मिळतंय ना, मग कशाला घोळ, असं स्वतःला समजावलं.

विभागीय फेरीच्या दिवशी ती दारात उभी राहिली. राजा आला. तिनं त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की पडद्याआडच्या पोराला वाटलं, विसरल्या, आणि तो वाक्य पुरवायला लागला. मग ती हळूच म्हणाली, "आता काहून आलात?"

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत एका बाईनं हुंदका दिला. साधनाला वाटलं, झालं, आपलं बावीस वर्षांचं फिटलं.

नाटक पहिलं आलं. दिग्दर्शनाचंही पहिलं बक्षीस. साधना विंगेत उभी, तोंडावर अजून रंग. सर माइकवर गेले.

"हा प्रयोग नवा नाही," ते म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी याच नाटकात, याच वाक्याला, मी 'काहून' हा शब्द मुद्दाम वापरून पाहिला होता. तेव्हा प्रेक्षक हसला. तो तयार नव्हता. मी थांबलो. आज तो तयार आहे."

टाळ्याच टाळ्या. साधनाच्या शेजारी जाई उभी होती. "काकू, खरंच? सरांनी तेव्हाच ठरवलं होतं?" तिनं डोळे मोठे करून विचारलं. साधनानं पदर सारखा केला. बाकी सगळ्यांची वाक्यं सुचायची तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर वर्तमानपत्रातला स्वतःचा फोटो बघत चहा पीत होते. खुशीत होते. "अंतिम फेरी पंधरा तारखेला," म्हणाले. "छान केलंस काल. फक्त तो 'काहून' जरा आखूड झाला. थोडा ओढून म्हण. काऽहून. खेड्यात तसं म्हणतात."

साधना शिरडच्या ओट्यावर बसून बोलावं तशी बोलली.

"मी न्हाई येत."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाई येत. तुमाला बोली येते ना, कुनालाबी शिकवा. ओढून म्हनाय लावा."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? बावीस वर्षं तुला हेच तर हवं होतं!"

"व्हय. हेच पायजे होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमच्या समद्या नाटकात माझं सोताचं काय होतं? ती एक चूक होती. लोकं हसले, माझा बाप रडला, पन ती माझी होती. काल तुमी तीबी घेतली."

सरांनी पेपर खाली ठेवला. राजाची सगळी वाक्यं त्यांना पाठ होती, पण इथं त्यातलं एकही आठवेना. साधना थोडा वेळ थांबली, 'तुला काय हवं आहे' असं त्यांनी एकदा तरी विचारावं म्हणून. मग कपबशा उचलून आत गेली.